गाव वाढतंय, भूजल पुरेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेल्या गावांसाठी आहे. महामार्गालगत, एमआयडीसीजवळ, शहराच्या वेशीवर घरं भराभर वाढताहेत आणि पाण्याला विहिरी-बोअरशिवाय दुसरा भरवशाचा आधार नाही, अशी शेकडो गावं आज महाराष्ट्रात आहेत. तिथले सरपंच, पाणीपुरवठा समितीचे सदस्य, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि शेतकरी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात ते इथे घेतले आहेत. कोकणातला जांभा किंवा पूर्व विदर्भातले जुने खडक यांचे आकडे वेगळे येतील, पण हिशेबाची रीत तीच राहते.

भूजल पुरेल की नाही, हे आधीच सांगता येतं का?

येतं. लिटर न् लिटर नाही, पण योजना करायला पुरेल इतक्या खात्रीनं नक्की येतं. त्यासाठी चार गोष्टी कळायला हव्यात: पावसाचं किती पाणी मुरतं, खडक त्यातलं किती धरून ठेवतो, सगळे मिळून वर्षभरात किती उपसतात, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत माणसं किती होतील.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी फक्त चौथी गोष्ट बघितली जाते. लोकसंख्येला माणशी लिटरनं गुणायचं आणि त्यावरून टाकी, मोटार आणि पाइप ठरवायचे. उद्भव विहिरीला, म्हणजे जिच्यातून योजनेला पाणी मिळतं तिला, बारा महिने पाणी राहील हे गृहीतच असतं. मग टाकी उभी राहते, घरोघरी नळ बसतात आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. नळ आहे पण पाणी नाही, अशी तक्रार कानावर आली की बहुतेक वेळा मुळाशी हेच निघतं.

आमच्या बोअरला अजून दोन इंच पाणी आहे. मग काळजी कशाला?

बोअर खोदताना जे 'दोन इंच' मोजतात, ते त्या दिवशी भेगांत साठलेलं पाणी असतं. कॉम्प्रेसरनं ते जोरात बाहेर येतं आणि सगळे खूश होतात. ते रोज, वर्षानुवर्षं, तेवढंच येत राहील का, याचं उत्तर त्या इंचांत नसतं. शेजारच्या चार प्लॉटवर आणखी चार बोअर झाल्या की तेच पाणी पाच ठिकाणी वाटलं जातं.

दुसरं म्हणजे, हे मोजमाप कोणत्या महिन्यातलं आहे ते विचारा. ऑक्टोबरात जवळजवळ प्रत्येक बोअर चांगलीच असते. खरा आकडा मे महिन्यातला, आणि तोही पाऊस कमी झालेल्या वर्षातला.

आमच्या जमिनीखाली पाणी असतं तरी कुठे? मोठे प्रवाह, तळी असतात का?

नसतात. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचा आहे. लाव्हाचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक पडलेले आहेत. विहीर खोदणाऱ्यांना हे थर तोंडपाठ असतात: वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (बारीक छिद्रांचा, मऊ खडक), मग काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूचा पट्टा. पाणी मुख्यतः मुरमात, मांजऱ्याच्या झिजलेल्या भागात आणि पाषाणाला गेलेल्या भेगांत असतं. भेग नसलेला अखंड पाषाण पाणी धरतही नाही आणि जाऊही देत नाही.

आता किती धरतो ते बघा. पाण्यानं भरलेला असा झिजलेला बेसॉल्ट १०० घनमीटर घेतला तर विहिरीला त्यातून साधारण २ घनमीटर पाणी मिळतं. वाळूच्या गाळात हाच आकडा १६ पर्यंत जातो. म्हणून तापीच्या गाळपट्ट्यातल्या विहिरी आणि आपल्या विहिरी यांची तुलना होत नाही. अर्थात गाळात साठा मोठा असूनही जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे केळीच्या उपशानं पातळी खोल गेलीच, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणी असूनही ते तोंडात घेववत नाही. साठा मोठा असला म्हणजे भागलं असं नाही.

बेसॉल्टचा आणखी एक गुण आहे आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. इथला वरचा जलधर, म्हणजे पाणी धरणारा थर, लहान असल्यानं चांगल्या पावसात तो तुडुंब भरतो आणि जास्तीचं पाणी ओढ्याला सोडून देतो. त्यामुळे दोन सलग चांगल्या पावसाळ्यांची शिल्लक तिसऱ्या, कोरड्या वर्षासाठी उरत नाही. प्रत्येक पावसाळ्याचा हिशेब जवळपास त्याच वर्षात संपतो. मोठ्या गाळाच्या प्रदेशात बसून लिहिलेला सल्ला इथे लागू पडत नाही, तो यामुळे.

पाणाड्यानं सांगितलं, इथे अखंड झरा आहे. विश्वास ठेवावा का?

पावसाळ्यानंतर मुरूम आणि मांजऱ्या असलेल्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच, म्हणून पाणाड्याचा नारळ अनेकदा खरा ठरल्यासारखा वाटतो. ते पाणी किती माणसांना, किती वर्षं पुरेल, हे नारळ किंवा फांदी सांगू शकत नाही. सार्वजनिक योजनेची जागा भूवैज्ञानिकाच्या सर्वेक्षणावरूनच ठरवा.

गावाचा पाण्याचा ताळेबंद नेमका कसा मांडायचा?

एक काल्पनिक गाव घेऊन सगळं गणित करून दाखवतो. आकडे तुमच्या गावाचे घातलेत की उत्तर तुमचं.

एक सूत्र लक्षात ठेवा: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर.

समजा गावाचं पाणलोट क्षेत्र १,२०० हेक्टर आहे. त्यातले २०० हेक्टर उभे डोंगर. २० टक्क्यांहून जास्त उताराची जमीन मुरण्याच्या हिशेबात धरत नाहीत, कारण पाणी तिथे थांबत नाही. उरले १,००० हेक्टर. सरासरी पाऊस ६०० मिलिमीटर. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये पावसाच्या साधारण ७ टक्के पाणी जमिनीखाली पोचतं, म्हणजे ४२ मिलिमीटर. १,००० हेक्टरवर ते झालं ४२ कोटी लिटर. त्यातलं काही ओढ्यानाल्यांतून आपसूक वाहून जातं. त्यासाठी १० टक्के सोडले की हातात ३८ कोटी लिटर राहतात. तलाव, बंधारे किंवा कालवा असेल तर त्यातून मुरणारं पाणी यात मिळवा.

हा आकडा विहिरींवरून तपासता येतो. मे ते ऑक्टोबर या काळात गावातल्या विहिरींची पातळी सरासरी जेवढी चढली, तिला खडकाच्या २ टक्क्यांनी गुणायचं. पातळी २.१ मीटर चढली असेल तर ४२ मिलिमीटरच येतात आणि दोन्ही हिशेब जुळतात. सरकारी मूल्यांकनातही या दोन्ही पद्धती ताडून बघतात आणि फरक २० टक्क्यांच्या आत असेल तर विहिरींवरचा आकडा धरतात. दोहोंत फार अंतर पडलं तर माहिती कुठेतरी चुकली आहे असं समजा: एक तर विहिरी नीट निवडलेल्या नाहीत, नाहीतर पावसाळ्यातच झालेला उपसा मोजायचा राहिला.

आता खर्चाची बाजू. गावात ४,००० माणसं, माणशी रोज ५५ लिटर: वर्षाला सुमारे ८ कोटी लिटर. मोठी जनावरं १,५००, प्रत्येकी रोज ४० लिटर: सव्वादोन कोटींच्या आत. दोन्ही मिळून सव्वादहा कोटी. म्हणजे मुरलेल्या पाण्याचा साधारण पाव हिस्सा. उरलेले २८ कोटी लिटर शेती आणि इतर धंद्यांना.

इथवर सगळं छान दिसतं. आता माणसं १०,००० होऊ द्या. ५५ लिटरनं त्यांना २० कोटी लागतील. आणि ती माणसं शॉवर, फ्लश आणि वॉशिंग मशीन असलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आली, म्हणजे शहरी १३५ लिटरचा मापदंड लावला, तर ४९ कोटी. चांगल्या पावसाच्या वर्षातही गावात मुरतं ३८ कोटी. शेतीला एक थेंब न देता, प्रत्येक विहीर ताब्यात घेऊनसुद्धा हे गणित सुटत नाही. इमारतींना परवानगी देण्याआधी हे एवढं कागदावर मांडून बघायला एक दुपार पुरते. ती दुपार गावानं काढायलाच हवी.

पाऊस कमी झाला तर?

याच गावात ३५० मिलिमीटर पाऊस पडला असं धरा. मुरणारं पाणी साडेचोवीस कोटींवर येतं आणि सोडायचं ते सोडल्यावर २२ कोटी उरतात. प्रत्यक्षात याहूनही कमी होऊ शकतं, कारण तो पाऊस चार-दोन धुवाधार सरींत पडून गेला तर मुरायला वेळच मिळत नाही.

आज ४,००० माणसं आणि जनावरं यांना सव्वादहा कोटी लागतात, म्हणजे दुष्काळी वर्षातही प्यायला पाणी आहे. अट एकच: शेतीनं त्या वर्षी १२ कोटींच्या आत राहायचं. पण १०,००० माणसं झाली की माणशी ५५ लिटर दिले तरी माणसं-जनावरांनाच २२ कोटी लागतात. कुवतीचा काठ तिथे आला. तेव्हा योजनेची क्षमता ठरवताना सरासरी पाऊस धरू नका, गेल्या वीस-तीस वर्षांतली सगळ्यात वाईट वर्षं बघा.

लातूरनं २०१६ मध्ये काय भोगलं ते सगळ्यांना माहीत आहे. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पुढे पन्नास वाघिणींच्या एका गाडीतून २५ लाख लिटर पाणी यायचं. २०११ च्या जनगणनेतली शहराची पावणेचार लाखांवरची लोकसंख्या धरली तर एका गाडीचं पाणी माणशी सहा-साडेसहा लिटर. बाकीची सारी भिस्त टँकरवर आणि खोल खोल गेलेल्या बोअरवर. देशभर फोटो छापून आले ते रेल्वेचे, पण त्या महिन्यांत घागर घेऊन रात्री रात्री रांगेत उभ्या राहिल्या त्या घरोघरच्या बायका आणि शाळकरी मुली.

लोकसंख्या कोणती धरायची? जनगणना तर २०११ ची आहे.

वाढत्या गावात तो आकडा आता निरुपयोगी आहे. ग्रामपंचायतीकडे त्याहून ताजी माहिती असते: घरपट्टीची नोंदवही, वीजजोडण्या, मतदार यादी, शाळेचा पट, रेशनकार्ड. यांतला कोणताही एक आकडा एकटा पुरत नाही. भाडेकरू मतदार यादीत नसतात, बिगारी कामगारांच्या वस्त्या घरपट्टीत नसतात, आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्यात, नेमकी टंचाईच्या दिवसांत, गावी परततात.

पुढचा अंदाज करताना मागच्या दहा वर्षांची टक्केवारी तशीच पुढे ओढू नका. नळयोजना साधारण ३० वर्षांसाठी आखतात. एवढ्या काळात एक रिंगरोड किंवा एक औद्योगिक वसाहत सगळं बदलून टाकते. बिनशेती झालेली जमीन आणि मंजूर झालेले ले-आउट मोजा. तिथे घरं येणारच आहेत. कमी, मध्यम आणि जास्त असे तीन अंदाज करा आणि उद्भव जास्तीच्या अंदाजावर तपासा.

माणशी ५५ लिटर धरायचे की १३५?

जल जीवन मिशनचा ग्रामीण मापदंड ५५ लिटरचा आहे आणि नळ-मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी १३५ लिटरचा. गाव कागदावर ग्रामपंचायत आणि राहणीनं शहर असेल तर वस्तीनिहाय दोन्ही वापरा. पाइपातली गळती वेगळी धरायला विसरू नका. ती १५ टक्के असली तर चांगली योजना म्हणायची.

गावात माणसं वाढली म्हणून पाणी आटलं, असं म्हणता येईल का?

फार थोड्या ठिकाणी. देशात जेवढं भूजल उपसलं जातं त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त सिंचनाला जातं. घरगुती वापराचा वाटा दहा-अकरा टक्के आहे. उसाला वर्षाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागतं. पावसाचा वाटा वजा केला तरी दीड कोटीच्या आसपास विहिरीतून द्यावं लागतं. तेवढ्यात ५५ लिटरनं साडेसातशे माणसांचं वर्ष निघतं. वरच्या गावातल्या २८ कोटी लिटरमध्ये मोकाट पाण्यावरचा ऊस अठरा-एकोणीस हेक्टर होईल, आणि हरभरा किंवा रब्बी ज्वारी, हेक्टरी ३० लाख लिटर धरून, नव्वद हेक्टरांवर.

हे लिहिताना शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. ऊस हमखास विकला जातो, हरभऱ्याचा भाव कधी पडेल याचा नेम नाही; त्यानं ऊस लावला यात त्याचं काय चुकलं? वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांनीही हजार फुटांपर्यंत बोअर नेल्या त्या बागा वाळू नयेत म्हणून. पण पिण्याच्या पाण्याची विहीर आणि उसाची विहीर एकाच खडकातून पाणी ओढतात, हे दोघांनाही मान्य करावं लागतं. एप्रिलमध्ये प्यायला पाणी असेल की नाही, हे नोव्हेंबरात कोणतं पीक उभं राहिलं त्यावर ठरतं.

शहरालगतच्या गावांत आता दुसरा मोठा उपसा आलाय, तो टँकरचा. १०,००० लिटरच्या वीस खेपा रोज गावाबाहेर जात असतील तर ते दोन लाख लिटर झाले. ५५ लिटरनं ३,६०० माणसांचं पाणी. वेशीवर आठवडाभर बसून खेपा मोजा. या उपशाची नोंद सहसा कुठल्याही वहीत सापडत नाही.

सरकारी अहवालात आमचा तालुका 'सुरक्षित' आहे. तरी उन्हाळ्यात टँकर का लागतो?

दरवर्षी मुरणाऱ्या, उपसण्याजोग्या पाण्यापैकी किती टक्के उपसलं जातं यावरून वर्गवारी होते. ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, आणि त्यापुढे अतिशोषित. महाराष्ट्राची सरासरी गेल्या काही वर्षांत ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली आहे. आकडा खोटा नाही, पण ती सरासरी आहे. तालुक्याच्या एका टोकाला धरणाचं लाभक्षेत्र आणि दुसऱ्या टोकाला उघडा माळ असेल, तर दोघांची बेरीज 'सुरक्षित' दिसते.

शिवाय टक्केवारी वर्षाची असते आणि तहान महिन्याची. उताराच्या, पातळ मुरमाच्या गावांत कोणी फारसं न उपसताही पाणी फेब्रुवारीपर्यंत ओढ्याला निघून जातं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरीही तिथल्या वाड्यांना मार्चपासून टँकर लागतो. तिथे उपसा कमी आहे, पण खडकाला पाणी धरता येत नाही. म्हणून तालुक्याचा शिक्का बघून थांबू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं राज्याची दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रं पाडली आहेत. तुमचं कोणतं ते शोधा आणि त्याचा आकडा मागा.

विहिरीची पातळी आम्हाला मोजता येईल का?

सहज. टेप किंवा खुणा केलेली, वजन बांधलेली दोरी पुरते. मोजमाप नेहमी एकाच खुणेपासून घ्या आणि कठड्याची उंची वजा करा. आदल्या रात्रीपासून मोटार बंद हवी. सरकारी निरीक्षण विहिरींची नोंद जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात घेतात. तुम्हीही त्याच महिन्यांत घ्या, म्हणजे तुलना करता येईल. गावच्या आठ-दहा विहिरी निवडा: काही माथ्याकडच्या, काही ओढ्याकाठच्या. फक्त ओढ्याकाठच्या मोजल्या तर गाव आहे त्याहून सुखी दिसतं. पर्जन्यमापक शाळेत बसवा. शाळेतली मुलं या नोंदी अतिशय नेटकेपणानं ठेवतात.

आमची उद्भव विहीर किती लोकांना पुरेल?

मे महिन्यात उपसा चाचणी घ्या. पंप ठरावीक वेगानं चालवायचा, पातळी दर दहा मिनिटांनी लिहायची, मग पंप बंद करून पाणी परत कसं चढतं तेही लिहायचं. महत्त्वाचा भाग हा दुसरा.

कारण मोठ्या विहिरीत सुरुवातीला जे बाहेर येतं ते विहिरीतच साठलेलं पाणी असतं. आठ मीटर व्यासाच्या विहिरीची पातळी एक मीटर उतरली तर ५०,००० लिटर निघाले. पंप बंद केल्यावर बारा तासांत ती ८० सेंटिमीटर चढली तर झऱ्यांनी ४०,००० लिटर दिले, म्हणजे दिवसाला ढोबळमानानं ८०,००० लिटर. गळती वजा जाता ५५ लिटरनं साधारण बाराशे माणसांची सोय. योजना अडीच हजार माणसांची असेल तर दुसरा उद्भव आत्ताच शोधायला हवा.

आणखी खोल गेलं तर पाणी लागेलच ना?

लागेल कदाचित. भरवसा धरू नका. बेसॉल्टमध्ये दरवर्षी नव्यानं भरणारं पाणी मुख्यतः वरच्या थरात असतं. खोलवरच्या भेगांत मिळणारं पाणी बऱ्याचदा फार सावकाश साठलेलं असतं आणि दोन-चार उन्हाळ्यांत संपतं. त्याहून वाईट म्हणजे, खोल बोअर वरच्या भागात नीट केसिंग, म्हणजे बाजूनं पाइप, न घालता घेतली तर वरच्या थरातलं पाणी तिच्यातून खाली उतरतं आणि आसपासच्या जुन्या विहिरी कोरड्या पडतात. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पाचशेवरून आठशे फुटांवर जातो. ज्याची जुनी बांधीव विहीर आहे, त्याची मोटार फेब्रुवारीतच बंद पडते. एकाच खडकातलं पाणी असं एका घरातून दुसऱ्या घरी सरकतं आणि गावाच्या एकूण पाण्यात भर काहीच पडत नाही. हे अन्यायाचं आहे आणि ते तसं स्पष्ट बोललं गेलं पाहिजे.

विहिरीला पाणी भरपूर आहे, पण ते पिण्याजोगं आहे का?

वाढत्या वस्तीत हा प्रश्न पाण्याच्या प्रमाणाइतकाच मोठा आहे. वापरलेल्या पाण्याचं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. गटार नसेल तर ते शोषखड्ड्यांतून, सेप्टिक टँकमधून जमिनीत जातं. त्यामुळे दाट वस्तीतल्या विहिरीची पातळी उन्हाळ्यातही टिकलेली दिसते आणि लोक समाधान मानतात. ती पातळी कशामुळे टिकली आहे ते तपासा.

नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत आणि फ्लोराइड जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम असावं. नायट्रेट वाढलेलं पाणी तान्ह्या बाळांना धोक्याचं असतं आणि उकळल्यानं ते कमी होत नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं. फ्लोराइडचा त्रास यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत जास्त आहे आणि खोल बोअरच्या पाण्यात त्याची शक्यता वाढते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, जंतू मारते. नायट्रेट-फ्लोराइडवर तिचा काही उपयोग नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रयोगशाळेत नमुना द्या. पाण्याच्या उद्भवांच्या तपासणीत ग्रामपंचायतीला धोक्याचं लाल किंवा पिवळं कार्ड मिळालं असेल तर ते ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

छतावरचं पाणी साठवून प्रश्न सुटेल?

काही अंशी. १०० चौरस मीटर छत, ६०० मिलिमीटर पाऊस आणि २० टक्के वाया गेलं असं धरून ४८,००० लिटर मिळतात. ५५ लिटरनं दोन माणसांची वर्षाची गरज. बैठ्या घराला हे मोलाचं आहे. सात मजली इमारतीत तेच छत अठ्ठावीस कुटुंबांत वाटलं जातं, तिथे त्यावर विसंबून राहता येत नाही. बोअरमध्ये सोडायचं असेल तर गाळणी चांगली हवी आणि पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढून द्यायला हवं.

कायदा काय म्हणतो?

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही; हे संरक्षण १९९३ च्या कायद्यापासून आहे. त्याची जागा घेणारा २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून लागू झाला आणि त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर वेगळी बंधनं आहेत. कागद भक्कम आहे, अंमल ढिला. उद्भवाजवळ बोअरची गाडी उभी दिसली तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बोअर झाल्यावर ती बंद करायला लावणं फार कठीण जातं.

हिवरे बाजारनं केलं ते आम्हाला जमेल का?

हिवरे बाजारमध्ये पावसाळा संपला की पाऊस आणि विहिरींच्या पातळीवरून ताळेबंद मांडतात, माणसं-जनावरांचं पाणी आधी बाजूला काढतात, आणि उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभा ठरवते. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावानं हे वर्षानुवर्षं पाळलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पाणलोटाची कामं अनेक गावांनी केली. उपशावर स्वतःहून बंधन घालणारी गावं थोडी. हिवरे बाजारचं मोठेपण मला त्यात दिसतं.

शहरालगतच्या गावात हे जसंच्या तसं उतरत नाही. तिथे पाणी वापरणारे निम्मे लोक ग्रामसभेला येतच नाहीत: फ्लॅटधारक, भाडेकरू, टँकरवाले, हॉटेलं, गोदामं. म्हणून ताळेबंदाच्या बैठकीला त्यांना नाव घेऊन बोलवावं लागतं. सोसायट्यांच्या बोअरना मीटर बसवून ते आकडे फळ्यावर लिहिले तर बोलणं सुरू होतं. निदान आपण किती ओढतो हे सोसायटीला पहिल्यांदा कळतं.

हिशेब केला आणि तूट निघाली. आता?

आधी पिण्याचं पाणी बाजूला काढा: एक-दोन विहिरी फक्त पिण्यासाठी राखून ठेवा, ग्रामसभेचा ठराव करा आणि त्यांच्याभोवतीचा उपसा थांबवा. मग टँकरच्या खेपांवर मर्यादा आणा. उन्हाळी पिकांबद्दल बोलणी ऑक्टोबरातच करा. मार्चमध्ये उभ्या पिकाचं पाणी तोडा म्हणणं क्रूर आहे आणि कोणी ऐकणारही नाही. जुने पाझर तलाव आणि बंधारे यांची दुरुस्ती नव्या बांधकामाच्या आधी करा. मात्र पुनर्भरणानं तूट भरून निघेल असं समजून उपसा चालू ठेवू नका. खडकाची साठवण ठरलेली आहे.

एवढं करूनही १३५ लिटरची वस्ती पोसली जाणार नसेल, तर ते गावानं लिहून द्यावं आणि नव्या बांधकाम परवानग्यांना धरणाचं किंवा प्रादेशिक योजनेचं पाणी प्रत्यक्ष येण्याची अट घालायला लावावी. 'पाणी येणार आहे' या आश्वासनावर घर घेणारी कुटुंबंही शेवटी त्याच विहिरीवर येतात.

हे सगळं करायला मदत कोण करतं?

प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय आहे. निरीक्षण विहिरींच्या नोंदी, पाणलोटाचा क्रमांक, गावाचा भूजल नकाशा तिथे मागता येतो. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातली निवडक गावं होती. तुमचं गाव त्यात असेल तर ताळेबंद आधीच तयार झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो ग्रामपंचायतीच्या कपाटातून काढा, त्यातली लोकसंख्या आणि बोअरची संख्या आजची घाला आणि येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून ठेवा.